प्रसादाचा हात

ऑस्ट्रियाला निघालोय असं सांगितलं की दिल्लीतल्या आर. के. पुरममधले शेजारी आम्हाला कांगारू बघून यायला सांगत. पहिल्या एक-दोघांना नवऱ्याने नकाशाच्या पातळीवर जाऊन फरक समजावला. पुढे त्याचाही धीर सुटला. खालच्या मजल्यावरचे शर्माजी, "भाईसाहब, कंगारू ज़रूर देखना," म्हणाले तेव्हा त्याने गंभीरपणे "देखेंगे" म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

स्कूटर तेव्हा नावापुरतीच राहिली होती. केंद्र सरकारची नोकरी सोडून तो नुकताच एका खासगी कंपनीत गेला होता. तिथे त्याला गाडी मिळाली आणि व्हिजिटिंग कार्ड मिळालं. कार्डावर त्याचं पद इतकं लांब होतं की मधे स्वल्पविराम द्यावा लागला होता. कंपनीने त्याला व्हिएन्नाला एका बैठकीसाठी पाठवायचं ठरवलं, आणि त्याने ठरवलं की मी आणि आमची तेरा वर्षांची मुलगी पण येणार. बैठक झाली की गाडी भाड्याने घेऊन डोंगरातून फिरायचं. स्वित्झर्लंड नको, तिथे सगळेच जातात. उन्हाळा नको, तेव्हाही सगळेच जातात. बसची सहल तर नकोच, कारण त्यात बर्फासमोर उभं करून ढोकळा देतात. उरलं ते ऑस्ट्रिया, डिसेंबरमध्ये, स्वतः गाडी चालवत. थंडीचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दिल्लीकराला थंडीचं काय सांगतेस?"

खरं कारण मात्र गुडगावात होतं. तिथे आम्ही फ्लॅट घेतला होता. मोहरीच्या शेतात सहा उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि बिल्डरने त्यांना युरोपातल्या डोंगरांची आणि प्रांतांची नावं दिली होती. आमच्या वाट्याला 'टिरोल' आली होती. विक्रीच्या ऑफिसात भिंतभर बर्फाचं चित्र होतं आणि चित्रासमोर एक मुलगा घाम पुसत सरबत देत होता. आमच्या होऊ घातलेल्या बाल्कनीतून नीलगाई दिसत. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची, बस नाही. पण टिरोल. नवऱ्याला ऑस्ट्रियातलं खरं टिरोल एकदा बघून घ्यायचं होतं. ताबा घेण्यापूर्वी माणूस नळ तपासतो, तसं.

ताबा मार्चमध्ये मिळणार होता, आणि त्याच्यावरच सगळं अडलं होतं. आर. के. पुरमचं क्वार्टर आता माझ्या नावावर होतं, कारण सरकारी नोकर घरात मी एकटीच उरले होते. नवऱ्याचं म्हणणं, माझी वीस वर्षं भरत आली आहेत, स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, क्वार्टर परत करावं आणि सगळ्यांनी गुडगावला जावं. रोज तिथून मंत्रालयात यायचं म्हणजे वेडेपणा. आणि आता गरज काय?

हे त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी भाजी निवडत होते. मी म्हणाले, "बघू."

माझं काम काय होतं ते सांगायला हवं. मी सेक्शन ऑफिसर होते आणि संसदेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे माझ्या टेबलावरून जात. 'हा विषय विचाराधीन आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं की माझ्या थडग्यावर, आमच्यात थडगं असतं तर, तेच शोभलं असतं. त्याचा अर्थ देशातल्या प्रत्येक बाबूला ठाऊक असतो. नवऱ्यालाही ठाऊक होता. पण खासगीत गेल्यावर माणसाचं व्याकरण बदलतं. त्याने माझं 'बघू' होकार म्हणून धरलं आणि मग ज्याला त्याला सांगत सुटला की ही आता मोकळी होणार.

मला नोकरी फार प्रिय होती असं नाही. पंखा आवाज करायचा आणि चहा उकळून कडू व्हायचा. पण सकाळी नऊच्या बसला उभी नसलेली मी कशी असते, ते मला माहीत नव्हतं, आणि टिरोल नावाच्या इमारतीत बसून ते शोधायची भीती वाटत होती. दिल्लीहून परत आल्यावर अर्ज द्यायचा, असं त्याचं ठरलं होतं. दिल्लीहून काय, व्हिएन्नाहून. त्या दिवसांत मी लिहितानाही अशीच चुकायचे.

गाडी चांगली होती. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडून, आणि नवरा पहिले दोन दिवस गिअर समजून दाराचं हँडल पकडत होता. मी शेजारी बसून नकाशा वाचत होते. बाहेर जे होतं ते इतकं सुंदर होतं की थोड्या वेळाने कंटाळा यायला लागला. पांढरे डोंगर, काळी झाडं, एक चर्च, पुन्हा पांढरे डोंगर. प्रत्येक वळणावर नवरा "वा" म्हणायचा आणि मग माझ्याकडे आणि आरशातून मुलीकडे बघायचा, आम्हीही म्हणतोय का ते. मी म्हणायचे. मुलगी वॉकमन कानाला लावून बसलेली असायची. एका जागी अर्ध्या तासाच्या वर मला बसवत नव्हतं. प्रत्येक पेट्रोल पंपावर मी उतरायचे, दोन चकरा मारायचे आणि परत बसायचे.

दुसऱ्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "आई, ती बर्फवाली गाडी रोड साफ करून ऱ्हायली होती ना, ती एकदम क्यूट होती यार."

नवऱ्याने काटा खाली ठेवला. या वाक्यात मराठी किती, असं त्याने मला विचारलं. मग जाहीर केलं की उद्यापासून गाडीत फक्त मराठी. इंग्रजी नाही, हिंदी नाही. परदेशात आल्यावर तरी आपली भाषा बोलू.

"आणि बाबा, तुम्ही 'गिअर'ला काय बोलणार?"

"ते चालेल."

तिसऱ्या दिवशी घाटाच्या वळणांनी मला मळमळायला लागलं. मी मागे गेले, पानिपतहून आणलेलं जाड कांबळं गुडघ्यांवर ओढून बसले, आणि नकाशा मुलीकडे गेला. तिने काम मनापासून केलं. बोट नकाशावर, डोळे बोटावर. वॉकमनसुद्धा काढला. एका गावाबाहेर रस्ता फुटत होता. नवऱ्याने विचारलं, "कुठे?"

"डावीकडे," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

तो डावीकडे वळला. लगेच बोगदा आला, आणि बोगद्यात कोणाला काय दिसणार. बाहेर आलो तेव्हा रस्ता अरुंद झाला होता. नदी आमच्या सोबत राहील असं मी सकाळी नकाशात बघितलं होतं. नदी गायब होती. पण मी बोलले नाही. गाडीत कोणी काही बोललं की दोन वाक्यांनंतर गुडगाव यायचं, आणि गुडगावपेक्षा मला चुकीचा रस्ता बरा वाटत होता. चढ वाढत गेला. समोरून एकही गाडी येत नव्हती. नवरा म्हणाला, "बघा, किती शांत. बसच्या सहलीत हे दिसतं का?"

मग रस्ता संपला. म्हणजे रस्त्यावर आडवा लाल-पांढरा दांडा होता, त्याला कुलूप होतं, आणि पलीकडे रस्त्याच्या जागी माणसाच्या उंचीचा बर्फ. शेजारच्या पाटीवरची भाषा आम्हाला येत नव्हती, पण कुलूप कोणत्याही भाषेत कळतं. घाट हिवाळ्यापुरता बंद होता.

गाडी वळवायला जागा होती, पण तिथला बर्फ गोठून काच झाला होता. मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. साखळ्या डिकीत होत्या. त्या चाकांना कशा बांधायच्या, ते गाडी देणाऱ्या मुलीने दाखवलं होतं आणि नवऱ्याने "येस, येस" म्हटलं होतं. तो बाहेर उतरला, गुडघ्यांवर बसला, पाच मिनिटांनी हात बगलेत घालून आत आला.

"नकाशा जुना असणार," तो म्हणाला.

"नकाशा बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही चुकीचे वळले. मी डावीकडे सांगितलं होतं."

"मी डावीकडेच वळलो."

"नाही वळले. मी डावीकडे सांगितलं. डावीकडे." आणि तिने उजवा हात पुढे करून हलवला.

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तिला विचारलं, "डावा हात कुठला तुझा?"

तिने पुन्हा उजवाच दाखवला. मग आमची तोंडं बघून तिचा आवाज बारीक झाला. "दाईं म्हणजे डावी ना? हिंदीत दाएँ, मराठीत डावे. सेमच तर आहे."

"आणि उजवा?"

"उजवा म्हणजे..." ती थांबली. "प्रसादाचा हात. तुम्ही नेहमी बोलता ना, उजवा हात पुढे कर. मला वाटायचं उजवा म्हणजे धुतलेला."

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण तिचे डोळे भरलेले दिसले. इतकी वर्षं हे आमच्या लक्षात कसं आलं नाही, असं नवऱ्याने विचारलं. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. "तुम्ही लोक बोलताना हात करता. 'डाव्या कपाटात बघ' बोलून आई तिकडे बोट दाखवते. मी बोट बघते. आज बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

म्हणजे घरात आम्ही बोलत होतो ती मराठी तिच्यापर्यंत शब्दांनी पोचतच नव्हती. बोटांनी पोचत होती. आणि आम्ही दोघं समजत होतो की मुलीला कळतं, फक्त बोलताना गडबड होते.

नवऱ्याने कांबळ्याचं एक टोक ओढून स्वतःच्या बोटांना गुंडाळलं. "पानिपतचं कांबळं आणलंस तेव्हाच कळायला हवं होतं," तो म्हणाला. "मराठी माणूस पुढे कूच करतो आणि मागचा रस्ता बंद होतो."

"इथे पुढचा बंद आहे," मी म्हटलं. "मागचा उघडा आहे."

तो हसला, आणि हसण्याच्या भरात, सवयीने, म्हणाला, "जाऊ दे. गुडगावला गेल्यावर तू घरीच असशील. हिला रोज तासभर मराठी शिकव. आधी उजवं-डावं."

मुलगी पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघायला लागली. तोंडाकडे नाही. हातांकडे. माझे हात कांबळ्याखाली होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं 'बघू' ऐकताना त्याने माझे हात कधी बघितलेच नव्हते. मी भाजीच निवडत होते. मान हलवली नव्हती, चेहरा केला नव्हता. शब्द तेवढा दिला होता आणि त्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीच्या भाषेतून लावला होता. चूक पोरीचीच होते असं थोडंच आहे.

"अहो," मी म्हणाले, "मी नोकरी सोडणार नाही."

"तू बघू म्हणाली होतीस."

"शर्माजींना कांगारूचं तुम्ही काय म्हणालात?"

त्याला ते 'देखेंगे' आठवायला क्षणभर लागला. आठवलं ते मला त्याच्या मानेवर दिसलं. त्याने बोटांवरचं कांबळं सोडलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय," तो म्हणाला.

"मग परत सांगा. गुडगावला येते मी. टिरोलमध्ये राहते. पण ऑफिसला जाणार. अर्ज देणार नाही."

"बस नाही तिथून."

"चार्टर्ड बस सुरू होईल. नाही झाली तर बघू." माझी चूक माझ्या लक्षात आली. "नाही झाली तर मी तुमच्या गाडीतून धौला कुआँच्या बस थांब्यापर्यंत येईन. रोज."

तो दार उघडून पुन्हा बाहेर गेला. थोड्या वेळाने मीही उतरले, कारण आत बसवत नव्हतं. साखळीचं एक टोक मी धरलं, दुसरं त्याने. "वर घे," तो म्हणाला. "आता डावीकडे ओढ." आणि मग, माझ्याकडे न बघता, हाताने डावी बाजू दाखवली. दोन्ही चाकांना साखळ्या बसेपर्यंत माझ्या बोटांची जाणीव गेली होती. दिल्लीची थंडी इथे काही उपयोगाची नव्हती, हे मात्र त्याने कबूल केलं नाही.

उतरताना गाडी खडखडत होती आणि कोणी "वा" म्हणत नव्हतं. मुलीने केसांचा लाल रबर काढून मनगटात घातला होता. बोगद्याच्या अलीकडे तिने मागे वळून विचारलं, "आई, हा डावा ना?" मी हो म्हटलं. मग तिने हळूच विचारलं, "तू खरंच नाही सोडणार?" हेही मी हो म्हटलं, आणि मग वाटलं की या 'हो'चा अर्थ तिला नीट कळेल का. म्हणून म्हटलं, "नाही सोडणार."

फाट्याशी आलो तेव्हा नवऱ्याने गाडी थांबवली. मागे कोणी नव्हतं. "कुठे?"

मुलीने मनगटाकडे बघितलं, मग नकाशाकडे, मग बाहेर. आता उलट्या बाजूने आलो होतो, त्यामुळे सगळंच बदललं होतं. ती इतका वेळ विचार करत राहिली की काचेवर वाफ धरली.

"सरळ," ती म्हणाली.

"शब्द नको," तो म्हणाला. "हात दाखव."

तिने हात समोर केला. मीही मागून बोट पुढे केलं. तो दोन्हीकडे बघून घेऊन मगच निघाला.