तलावाच्या नावाचा वाटा

चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या बचत गटांसाठी चंद्रपूरला एक कार्यशाळा होती आणि तिची बातमी करायला मी गेलो होतो. अशा कार्यशाळांत बातमी नसते, जेवण असते. त्यामुळे वार्ताहरांची उपस्थिती चांगली असते. अधिकाऱ्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. उच्च मध्यम उत्पन्न गटातले देश आणि तिथे दाखल होणारे ट्रेडमार्कचे अर्ज. रेघ डावीकडून उजवीकडे चढत होती. मध्ये कुठे दम खायला थांबली होती, पण एकूण वरच जात होती. हे देश सधन होत गेले तसे त्यांचे अर्ज वाढत गेले, असे आलेख सांगत होता. अधिकाऱ्यांनी तो उलट्या बाजूने वाचला. अर्ज वाढवा, सधनता येईल.

आपला देश त्या गटात नाही, एक पायरी खाली आहे, हे त्यांनी सांगितले नाही. सांगितले असते तरी काही बिघडत नव्हते, कारण पायरी चढण्याचा मार्ग सापडलाच होता. प्रत्येक तालुक्याला उद्दिष्ट देण्यात आले. ते नोंदणीचे नव्हते, अर्जांचे होते. नोंदणीला वेळ लागतो, आक्षेप येतात, सुनावण्या होतात. अर्ज मात्र जेवणाच्या सुट्टीआधी होऊ शकतो.

कुरखेड्याकडच्या बायका मोहाचे लाडू घेऊन आल्या होत्या, अहेरीकडच्या चारोळी आणि डिंक. माझ्या पुढच्या रांगेत सावलीकडच्या एका गावातली बाई बसली होती. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतली, चाळिशीची, आपल्या गटाची अध्यक्ष. तिच्या मांडीवर सुक्या झिंग्यांची पिशवी होती आणि त्या वासामुळे तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने हात वर केला.

"साहेब, हे ट्रेडमार्क म्हंजे होय काय?"

"ताई, समजा उद्या तुमच्या मालाची कुणी नक्कल केली, तर तुम्ही त्याला रोखू शकता."

"झिंग्याची नक्कल कोन करन जी? झिंग्याले झिंगाच बनवू शकते."

सभागृह हसले. अधिकारीही हसले आणि तिचे नाव अर्जदारांच्या यादीत पहिले लिहिण्यात आले.

तिच्या गावाचा तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. त्यात रोहू, कतला आहे, पण तलावाची ख्याती झिंग्यांची. बहुतेक घरी झिंगे पाळीवरच्या मातीत पसरून वाळवतात. ते चवीला चांगले असतात. फक्त खाताना दाताखाली तलावाची पाळही येते. ही बाई बांबूच्या तट्ट्यावर वाळवायची आणि दोनदा सुपाने पाखडायची. त्यामुळे नागपूरच्या एका दुकानदाराने तिचा माल नियमित घ्यायला सुरुवात केली होती. ही ऑर्डर टिकली तर तिला हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जावे लागणार नव्हते. मिरचीला आई गेली की मुलगीही जाते, कारण नवरा चंद्रपूरला बांधकामावर आणि वयात आलेल्या पोरीला घरी एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर. मुलगी त्या वर्षी दहावीला होती. बाईने हे मला अर्जाच्या रांगेत सांगितले, तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून. ऑर्डर राहिली तर शाळा, गेली तर मिरची.

अर्ज भरणाऱ्या तरुणाने ब्रँडचे नाव विचारले. तिने तलावाचे नाव सांगितले. तिला दुसरे नाव सुचण्याचे कारण नव्हते; झिंगे तलावातून येतात. तरुणाने ते टाईप केले. वर्ग एकोणतीस: मासे, मांस आणि त्यांपासूनचे पदार्थ. सावली तालुक्याच्या उद्दिष्टात एक अर्ज जमा झाला.

योजनेतून पाकिटेही आली. चकचकीत, वरून दाबून बंद होणारी. त्यांवर तलावाचे नाव, त्याच्या डोक्यावर टीएम ही दोन इंग्रजी अक्षरे आणि खाली झिंग्याचे चित्र. चित्रातला झिंगा समुद्रातला होता, लालबुंद आणि मनगटाएवढा. तलावातल्या झिंग्याने तो पाहिला असता तर गाव सोडले असते.

पाकिटे गावात पोचली त्या दिवशी फोटो काढायला मी तिथे होतो. पाळीवर सगळी वस्ती जमली होती. इथली रीत अशी की उन्हाळ्यात पाणी आटले की सगळे मिळून तलाव मारतात, म्हणजे असेल नसेल ती मासळी धरतात, आणि पाळीवर मासळीचे ढीग लावतात. जितकी घरे तितके ढीग. एक म्हातारा ढिगांकडे पाठ करून बसतो. मागून दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" म्हातारा नाव घेतो आणि तो ढीग त्या घराचा होतो. ज्या घरचा माणूस पुण्याला वॉचमन आहे त्यालाही वाटा, जी म्हातारी पाण्यात उतरू शकत नाही तिलाही. वाटा पडला की पडला. तो कमी-जास्त झाला म्हणून कुणी भांडत नाही आणि दिलेला वाटा कुणी परत मागत नाही.

पाळीवर त्या दिवशी पाकिटांचे ढीग लागले होते. गटातल्या एका तरुण सुनेला ते खटकले.

"आजा, हे तं गटाच्या नावानं आले नं."

म्हातारा आधीच पाठ करून बसला होता. त्याने मान वळवली नाही. "पाकिटावर नाव कोनाचं हाय?"

"तलावाचं."

"तलाव कोनाचा हाय?"

सुनेने पाळीवर जमलेल्या वस्तीकडे पाहिले.

"मंग बस खाली."

अध्यक्ष बाईने यावर हरकत घेतली नाही. घेण्याचा प्रश्न नव्हता, ढीग तिनेच लावले होते. नीट, सारखे, कुणाला कमी जाऊ नये म्हणून दोनदा पाहून. ट्रेडमार्कचा अर्थ एकाने वापरायचे आणि बाकीच्यांनी नाही, असा असतो, हे कार्यशाळेत पडद्यावर होते. पण त्या वेळी पाळीवर पडदा नव्हता. मी फोटो काढला. तो आमच्या जिल्हा पानावर "ब्रँडच्या पाकिटांचे गावकऱ्यांना वाटप" या ओळीसह छापून आला. अधिकाऱ्यांनी त्याचे कात्रण वर पाठवले.

पाकिटे उपयोगी होती, याबद्दल वस्तीत दुमत नव्हते. एका घरी त्यांत आधार कार्डे ठेवली गेली, पावसात भिजत नाहीत म्हणून. एकाने टीव्हीच्या रिमोटला घातले. एक म्हातारी तंबाखू ठेवायची आणि म्हणायची की वास उडत नाही. अध्यक्ष बाईने आपल्या वाट्याच्या पाकिटांत झिंगे भरून नागपूरला पाठवले. तिच्या मोठ्या जावेने मात्र आपला वाटा मूल या गावच्या बाजारात एका व्यापाऱ्याला विकला. या व्यापाऱ्याकडे आंध्रच्या किनाऱ्यावरचे स्वस्त झिंगे पोत्यांनी पडून होते. त्यांना फक्त चांगल्या घरच्या कपड्यांची गरज होती.

दिवाळीनंतर नागपूरच्या दुकानदाराचा फोन आला. बाजारातून घेतलेली त्याच नावाची पाकिटे कुणी त्याच्याकडे परत आणून दिली होती. माल रेतीचा होता. गिऱ्हाईक दुकानातून घेतले की बाजारातून हे सांगत नाही, नाव वाचून दाखवते. दुकानदार म्हणाला, पुढची ऑर्डर सध्या थांबवू.

बाई फोन ठेवून तडक जावेच्या अंगणात गेली. मी झिंग्यांच्या बातमीच्या पुढच्या भागासाठी गावात होतो आणि तिच्यामागे गेलो. जाऊ गोणपाटात भांडी बांधत होती. मिरचीला जायची तयारी.

"जाऊबाई, तुमी पाकिटं विकली का?"

"विकली. रिकामी होती. भरलेली नाई विकली."

"त्यानं त्याच्यात रेतीचे झिंगे भरले नं."

"मंग रेती त्यानं टाकली. मी टाकली का?"

"माह्यं नाव खराब झालं."

"तुह्यं कुठी? तलावाचं होतं." जावेने गाठ आवळली. "ढीग तूच लावले. माह्या वाट्याचं मी भाजीन का विकीन."

"नागपूरवाल्यानं आर्डर थांबवली."

जावेचा हात थांबला. तिने गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "तुले नागपूरचं दुकान भेटलं. मले पाकीट भेटलं. मी तुले कधी म्हटलं का, दुकानाचा वाटा दे?"

बाई निघाली. जाऊ मागून म्हणाली, "गाडीत जागा हाय अजून. पोरीलेबी घे. दोघी हात लावतीन तं बोरं भरन."

बोरे म्हणजे मिरचीची पोती. बाई थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांना मनापासून आनंद झाला. ट्रेडमार्कचा उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी नागपूरच्या एका वकिलांचा नंबर दिला. वकिलांनी कागद पाहिले, मग वर्तमानपत्राचे कात्रण पाहिले, आणि विचारले की नाव वापरायला तुम्हीच सगळ्या गावाला दिले होते का. बाईने हो म्हटले. वकील म्हणाले, दावा टाकता येईल, वर्षानुवर्षे चालेलही, पण लवकर निकाल हवा असेल तर दावा हा मार्ग नाही. समोरची बाजू हा फोटो पहिल्याच तारखेला लावेल. फोटो चांगला आला होता. त्यात बाई स्वतः ढीग सारखे करताना दिसत होती.

मूलचा व्यापारी तोवर स्वस्थ बसला नव्हता. नाव चालते आहे हे त्याच्या लक्षात आले होते, आणि त्याच्याकडची पाकिटे संपत आली होती. त्याने तलावाच्या नावापुढे "स्पेशल" जोडून स्वतःचा अर्ज भरला. यासाठी त्याला कार्यशाळेची गरज पडली नाही.

पुढचे मला बाईने सावलीच्या बाजारात सांगितले. ती झिंग्यांची पिशवी घेऊन एसटीने नागपूरला गेली. वाहकाने तिला मागच्या सीटवर बसवले, खिडकी उघडी ठेवायच्या अटीवर. दुकानदाराने मूठभर झिंगे तळहातावर चोळले, फुंकले, दोनचार चावून पाहिले.

"माल तोच आहे," तो म्हणाला.

"मंग घ्या नं जी."

"माल घेतो. पाकीट नको. पोत्यात आणा, मोकळा. मी इथे माझ्या नावाने भरतो."

"तलावाचं नाव नाई राहीन?"

"ते नाव आता रेतीचं झालं, बाई."

तिने पोत्याला होकार दिला. भावात त्याने थोडे कमी केले, कारण आता पाकिटाचा आणि नावाचा खर्च त्याचा होता. हे तिला पटण्यासारखे वाटले. मला वाटले नाही, पण झिंगे माझे नव्हते. दुकानदाराने त्याच महिन्यात आपल्या नावाचा अर्ज केला. वर्ग एकोणतीस.

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत सावली तालुक्याचा विशेष उल्लेख झाला. पडद्यावर आता जिल्ह्याचा स्वतःचा आलेख होता आणि तो उच्च मध्यम उत्पन्न देशांच्या आलेखासारखाच चढत होता. ज्या तलावाचा पूर्वी एकही अर्ज नव्हता, त्याच्या झिंग्यांमागे आता तीन होते. एक बाईचा: नाव तिचे, आत आंध्रचे झिंगे. एक व्यापाऱ्याचा: त्यात स्पेशल काय, ते गिऱ्हाइकाला दाताखाली कळे. एक नागपूरच्या दुकानदाराचा, ज्यात खरे झिंगे होते आणि ज्यावर तलावाचा उल्लेख नव्हता. तलावाने त्या वर्षी नेहमीइतकेच झिंगे दिले होते. त्याला आलेख दाखवण्यात आला नव्हता. प्रश्नोत्तरांत मी विचारले की अर्ज वाढले, पण माल वाढला का. अधिकारी म्हणाले की तो मत्स्य विभागाचा विषय आहे.

मिरचीची गाडी निघाली तेव्हा सकाळ होती आणि धुके होते. उघड्या पिकअपमध्ये बायका गोणपाटांवर बसल्या होत्या, डोक्याला फडकी बांधून. जाऊ मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून. बाई तिला निरोप द्यायला आली होती. दोघी त्या भांडणानंतर बोलल्या नव्हत्या, पण गाडी लागली की निरोप द्यायला जावे लागते.

"तू नाई येत तं?" जावेने विचारले.

"पोत्याची आर्डर हाय."

"पाकिटाची?"

"पाकिटाची नाई. पोत्याची."

"मंग नाव?"

"नाव पडलं हाय. ज्याले लागन तो घेऊन राह्यला."

जाऊ हसली. इतर बायकाही हसल्या, त्यांना सगळे माहीत होते. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. जावेने वाकून आपल्या घराची किल्ली बाईच्या हातात दिली आणि म्हणाली, "माह्या पोरीलेबी तुह्या घरीच झोपाले सांगितलं हाय. आठवीत हाय. शाळा बुडवू नको देऊ."

बाईने किल्ली पदराला बांधली. घरी परत जाताना ती मला म्हणाली की आता दोन पोरींचा सैपाक, आणि तट्ट्यावरचे झिंगे उन्हे वर येण्याआधी पालटायचे राहिले आहेत.