मुंजाभाऊंचा मोबाइलातला बांध

"अरे सोड! सोड म्हणतो ते कुंपण! तुझ्या बापाचं वावर हाय का ते?"

गंगाखेडच्या बसस्थानकावर भर दुपारी ही आरोळी उठली तेव्हा फलाटावरची निम्मी माणसं उभी राहिली आणि उभी होती ती खाली बसली. एका म्हातारीच्या हातून शेळी सुटली. एका ड्रायव्हरनं गाडी बंद करून किल्ली खिशात घातली. ओरडणारे होते आमचे मुंजाभाऊ, माझे पन्नास वर्षांपासूनचे दोस्त, आणि ज्याच्यावर ओरडत होते तो त्यांच्या तळहातावरच्या मोबाइलात होता. ज्याचा बाप ते काढत होते तो त्यांचाच सख्खा धाकटा भाऊ लिंबाजी. म्हणजे बाप एकच! हे त्यांच्या ध्यानात आणून दिलं तर म्हणाले, "बापाला मधे आणू नका, मास्तर."

मी त्यांना दंडाला धरून कँटीनमध्ये नेलं. म्हणालो, "मुंजाभाऊ, दीड वर्ष झालं, सख्ख्या भावाशी बोलत नाही तुम्ही. चला, आत्ता चला. लिंबाजीच्या ओसरीवर बसू, कप-कप चहा घेऊ, मिटवून टाकू." त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि शांतपणे म्हणाले, "आदी मोजणी होऊ द्या. मंग चहा."

चौथ्या दिवशी सकाळी मुंजाभाऊ गेले. आंघोळीचं पाणी काढलं, छातीला हात लावला, संपलं. मोजणी राहिली, चहा राहिला... गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. महिना झाला, मी रागावलेलाच आहे.

मुंजाभाऊ पस्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. आवाज असा, की त्यांनी गंगाखेडला "चला" म्हटलं की सोनपेठच्या ड्रायव्हरचा पाय आपोआप क्लचवर जाई. आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडं. तिथं दोघा भावांची वावरं शेजारीशेजारी आणि मधे एक सामाईक विहीर. वाटणीच्या दिवशी त्यांच्या आईनं पाण्याचे वार वाटून दिले: मंगळवार, गुरुवार, शनिवार मुंजाचे, सोमवार, बुधवार, शुक्रवार लिंबाचे, रविवारी विहिरीला सुट्टी, तिला भरू द्यायचं. चाळीस वर्षांत त्या वारांना कुणी बोट लावलं नाही. मुंजाभाऊ ड्यूटीवर अडकले की त्यांच्या वारी लिंबाजी त्यांच्याच हळदीला पाणी सोडायचा. शेजारी स्वतःचा भुईमूग माना टाकून उभा असला तरी. बांधाचं तर विचारूच नका. आमच्या भागात नांगर बांधाकडं आपसूक झुकतो, बैलांनाही ते शिकवावं लागत नाही. या दोघांच्या बांधावरचं बोरीचं झाड मात्र ज्या जागी आजोबांनी पाहिलं त्याच जागी उभं आहे. गावात सासरी निघालेल्या पोरींना आया सांगत, नवरा-दीर असावेत तर मुंजा-लिंबासारखे.

आणि मग तो खेळ आला. पुण्याकडं कंपन्यांत गेलेल्या आमच्या पोरांनी मोबाइलात अख्खं गाव उभं केलं. मारुतीचं देऊळ, पार, शाळा, ओढा. खऱ्या ओढ्यात दगडं, त्या ओढ्याला बारमाही पाणी. प्रत्येकाला तिथं एक घर, एक वावर. पोरं दोन महिन्यांत कंटाळून बाहेर पडली. म्हातारे आत शिरले ते निघेचनात. आता या खेळात ज्याला त्याला स्वतःची बोअर मिळते, फुकट. बोट टेकवलं की पाणी. आमच्या या दोन दिव्यांनी काय करावं? बोअर नाकारून आतही सामाईक विहीर खणली आणि वार लावून घेतले! मी कपाळावर हात मारला. लिंबाजी म्हणाला, "गुरुजी, पाळी न्हाई अशी विहीर कुटं असती का?"

इथवर गंमत होती. मग आतलं गाव बाहेर सांडायला लागलं. देवळासमोरच्या आतल्या चौथऱ्याला इतका भाव आला, की एकानं बाहेरचे दोन बोकड विकून तो घेतला आणि वर पेढे वाटले. बोकड गेले, चौथऱ्यावर बसता येत नाही, तरी पेढे! सोयरिकीच्या बैठकीत मुलीचा मामा विचारू लागला, "पोराला बाहेर किती अन् आत किती?" एका नवरदेवाला बाहेर पाच एकर होती, आत काहीच नव्हतं, सोयरीक मोडली, देवाशपथ. आतला सरपंच निवडायचा ठरला तर जिंतूरकडून तीनशे पाहुणे मतदार आले, सगळे एका वडाखाली, सगळ्यांचं तोंड एकसारखं, मिशीसुद्धा एकाच बाजूला वळलेली. आमच्या लोकांनी त्यातल्या चौघांना चहा विचारला.

तशात मुंजाभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाच दिवस फोन बंद करून पेटीत ठेवायला लावला. ते पाचही दिवस परभणीच्या दवाखान्यात जेवणाचा डबा कोण घेऊन जात होतं? लिंबाजी. उन्हातान्हात, दोन बस बदलून, डब्यात शेंगदाण्याची चटणी घालून. सहाव्या दिवशी मुंजाभाऊंनी नव्या डोळ्यांनी फोन उघडला आणि पाहतात तर आतल्या वावराचं एक तास गायब! अख्खी एक ओळ. लिंबाजीच्या बाजूचं कुंपण वीतभर आत आलेलं.

"त्यानं बांध कोरला, मास्तर. मला आंधळा पडलेला बगून कोरला."

"अहो, तो तुमच्या तोंडात घास घालत होता!"

"म्हणूनच. दुसरा हात रिकामा होता की."

मी उठून लिंबाजीकडं गेलो. तो म्हणाला, "म्या कोरला न्हाई." एवढंच. त्याचा स्वभावच तसा. मुंजाभाऊ वाट्याला आलेले सगळे शब्द घेऊन जन्मले, याच्यासाठी चारदोन उरले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच विहिरीवर आपापल्या वारी येत, मोटर चालू करत, दुसऱ्याच्या वावराकडं पाठ करून उभे राहत.

पुढचा पराक्रम ऐका. मुंजाभाऊंनी रीतसर मोजणीचा अर्ज केला, सरकारी! मी सोबत होतो, कारण माझं नशीबच तसलं. कारकुनानं विचारलं, "चतुःसीमा?" यांनी लिहून दिल्या: पूर्वेस लिंबाजीचं वावर, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस कुण्या परदेशी माणसाचा किल्ला, उत्तरेस काच. कारकून बराच वेळ 'काच' या शब्दाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, ही जमीन आमच्या हद्दीत येत नाही." मुंजाभाऊ म्हणाले, "मंग कुणाच्या येती, ते लिहून द्या." त्या बिचाऱ्यानं चष्मा काढून पुसला.

एवढ्यात बाहेरची, खरी ग्रामपंचायत निवडणूक लागली. पुढाऱ्यांना भांडणाचा वास मुंग्यांना गुळाचा येतो तसा येतो. एका पॅनलनं मुंजाभाऊंना सांगितलं, आम्ही आलो तर तुमचं तास परत. दुसऱ्यानं लिंबाजीला सांगितलं, आम्ही आलो तर तुमचा डाग धुऊन काढू. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या गळक्या पत्र्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. घरंच्या घरं फुटली, एका मोबाइलातल्या ओळीवरून. मतदानाला दोघे भाऊ दोन रांगांत उभे. निकाल लागला, एक पॅनल आलं, शाळा अजून गळते. तास कुणी परत दिलं नाही, डागही कुणी धुतला नाही.

आणि मुंजाभाऊ गेले. लिंबाजी मातीला आला, खांदा दिला. दहा दिवस सुतक. दोन्ही घरांत कुणी फोन हातात धरला नाही; लिंबाजीनं आपला उशाखाली ठेवला, मुंजाभाऊंचा कोनाड्यात त्यांच्या कंडक्टरच्या चामडी पिशवीशेजारी पडून राहिला. दहावं उरकल्यावर दोन्ही फोन उघडले आणि लिंबाजीनं मला निरोप धाडला. गेलो. त्यानं दोन्ही काचा माझ्यापुढं धरल्या. मुंजाभाऊंच्या वावरातल्या ओळी पुन्हा गेल्या होत्या. आणि लिंबाजीच्या वावरातल्याही, तितक्याच. दोन्ही कुंपणं आपोआप आत सरकलेली... सलग तीन दिवस पाणी दिलं नाही की तो खेळ कडेचं एक तास पडीक धरून गिळतो. आमच्या गावात तीन दिवस फोनपासून लांब राहिलेला माणूस मुंजाभाऊंच्या आधी झालाच नव्हता, तर कळणार कुणाला!

कुणी कोरला नव्हता बांध. दीड वर्ष, दोन पॅनलं, एक सरकारी अर्ज, आणि न झालेला एक चहा. हे पंधराच दिवस आधी कळतं तर मी बसस्थानकावरून मुंजाभाऊंना खांद्यावर टाकून नेलं असतं. आता कुणाला नेऊ?

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. वाटेत विहीर लागते. मोटर चालू होती, पाणी मुंजाभाऊंच्या हळदीत चाललं होतं, शेजारी लिंबाजीच्या भुईमुगानं माना टाकल्या होत्या. ओसरीवर, मुंजाभाऊंच्या खाटेवर लिंबाजी बसलेला. हातात मुंजाभाऊंचा तो कोपऱ्यात तडकलेला फोन, आणि बोटानं एकेका सरीला पाणी लावणं चाललेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कंडक्टर मी नव्हतो, पण आवाज त्या दिवशी मुंजाभाऊंचाच लागला.

"लिंबाजी! अरे, ज्यानं तुमचं बोलणं तोडलं तेच कवटाळून बसलास? फेक ते विहिरीत! माणूस गेला, महिना झाला. आता पाणी देतोस कुणाला?"

त्यानं बोट पुढच्या सरीवर सरकवलं.

"आज मंगळवार हाय, गुरुजी. दादाची पाळी हाय."