ताटात धुतलेला हात

आधी माफी मागतो. ज्या जहाजाबद्दल लिहितोय ते मी पाहिलेलं नाही. समुद्रसुद्धा एकदाच पाहिला, कॉलेजच्या सहलीत, तोही ओहोटीचा. आमच्या घरात लिहिण्याचं काम कुणी केलेलं नाही. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई त्याहून कमी, आणि दादा बारावीनंतर कर्जतला हॉटेलच्या कामाचा कोर्स करून कामाला लागला. कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मी विज्ञान शिकतो. वाक्य कुठं थांबवायचं हे मला अजून नीट कळत नाही. तरी लिहितोय, कारण दादाबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं दुसरेच बोलले, आणि त्यांच्यातल्या कुणालाही मी अजून माफ केलेलं नाही.

आमचं घर पळसदरीला. बाबा भातशेती आणि दोन म्हशी सांभाळून खालापूरच्या बाजूला एका कंपनीत पाळीवर जातात. आई धरणाजवळच्या एका बंगल्याची झाडलोट करते. शनिवार-रविवारी तिथं शहरातली माणसं येतात, आणि सोमवारी आई त्यांच्यामागचं आवरते. दादाचं सहलीच्या प्रवासी जहाजावरचं कामही तेच होतं, फक्त तिथं सोमवार कधी येत नव्हता. प्रवाशांच्या खोल्या साफ करायच्या, चादरी बदलायच्या, पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. पहिल्या महिन्यात त्यानं तो हत्ती आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. आई म्हणाली, सोंड वाकडी हाय.

नोकरी लावून दिली कुंभिवलीच्या एका एजंटनं. हायवेला टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. त्याच वेळी भिसेगावचा एक मुलगाही लागला. दादाचा कोर्समधला मित्र. त्याला वाढप्याचं काम मिळालं, जहाजाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. दोघं एकाच जहाजावर जाणार म्हणून आईला केवढा आधार वाटला होता. तो मुलगा आमच्याकडे किती वेळा जेवलाय याचा हिशोब नाही.

यंदा त्या जहाजावर पोटाची साथ आली. उलट्या, जुलाब, अंगात ताप. एकाला झालं की शेजारच्या खोलीत, मग जिन्याच्या कठड्यावरून, लिफ्टच्या बटणावरून, चमच्यांवरून सगळीकडे. दादा ब्रेकमध्ये फोन करायचा तेव्हा त्याच्या आवाजाला ब्लीचचा वास येतोय असं मला वाटायचं. ज्या खोलीत कुणी ओकलंय तिथं सफाईवाल्यांनी मास्क, हातमोजे आणि प्लास्टिकचा झगा घालून जायचं. चादरी वेगळ्या पिशवीत बांधायच्या, दाराच्या मुठीपासून रिमोटपर्यंत सगळं पुसायचं, आणि बाहेर पडल्यावर पुढच्या खोलीत हसत शिरायचं. त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

प्रवासी आजार लपवायचे. सांगितलं तर खोलीत बंद करतील, सुट्टी वाया जाईल. म्हणून रात्री बाथरूममध्ये ओकायचं आणि सकाळी नाश्त्याला सगळ्यांत आधी हजर. दादाला बाथरूममध्ये सगळं दिसायचं. त्यानं एका जोडप्याबद्दल वर कळवलं, तर त्यांनी चक्क नाही म्हणून सांगितलं आणि उलट दादाचीच तक्रार केली, की हा आमच्या खोलीत नको तिथं बघतो. त्या माणसांचं तोंड मला माहीत नाही. पण बंगल्यावर आईला 'ए बाई' म्हणणाऱ्यांचं तोंड मला माहीत आहे, आणि मी ते त्यांना लावलं आहे.

जेवणाच्या हॉलच्या दारात हाताला लावायच्या जेलच्या बाटल्या ठेवल्या होत्या, आणि एक पोरगा फवारा घेऊन उभा. लोक हात वर करून त्याच्या बाजूनं निघून जायचे. मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं की हा विषाणू त्या जेलला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. मोठ्या उत्साहानं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आमाला ट्रेनिंगमधीच सांगितलंय रं. ज्यांना सांगायला पायजे त्यांना सांगायची परवानगी नाय."

आता ताटाची गोष्ट. आमच्याकडे जेवण झालं की ताटातच हात धुतात. तांब्यातलं थोडं पाणी डाव्या हातानं उजव्या हातावर घ्यायचं, बोटं चोळायची, मग ताट उचलून मोरीवर. उष्टा हात तांब्याला नाही, नळाला नाही, दाराला नाही. आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, जसं चालायला कुणी शिकवलं नाही.

जहाजावर खाली खलाशी आणि नोकरांची वेगळी खानावळ होती. तिथं एकच बेसिन, त्याला हातानं फिरवायचा नळ, आणि साथीच्या दिवसांत त्या नळापुढे रांग. दादाच्या मनात आलं, याच नळाला सगळ्यांचे हात लागतायत. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि ताटात हात धुतला. मग ते ताट नेऊन भांडी घासणाऱ्यांच्या खिडकीत ठेवलं. ठेवताना पाणी हिंदकळून बाजूच्या ताटांवर सांडलं. हे मी लपवत नाही. सांडलं ते चूकच. पण त्याच्या मनात तो स्वच्छता पाळत होता. इतरांपेक्षा जास्तच.

समोरच्या टेबलावर भिसेगावचा बसला होता. त्यानं मोबाईल काढला.

तो व्हिडिओ आधी त्यांच्या नोकरांच्या ग्रुपवर गेला. तिथून कुणी प्रवाशाला दाखवला, तिथून बाहेर. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: जहाजावर माणसं का आजारी पडतात ते बघा. खाली हसणारी तोंडं. संध्याकाळपर्यंत दादाला वरच्या साहेबानं बोलावलं, काम थांबवून खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवलं. तो आजारी नव्हता. तपासणीसाठी नमुना घेतला आणि सांगितलं, साथ तुझ्यापासून सुरू झाली का ते आम्ही बघू. झाली असेल तर पुढच्या बंदरावर उतरायचं, आणि नावापुढे असा शेरा लागेल की परत कुठलंच जहाज घेणार नाही.

म्हणजे आता सगळं दादाच्या पोटावर होतं. त्या दिवसांत त्याला साधं अपचन झालं असतं तरी तो गुन्हेगार ठरला असता. तो भीतीनं जेवेना. आई रोज फोनवर पहिलं विचारायची, "पोट कसं हाय?" तो म्हणायचा, बरं हाय. ती म्हणायची, "खरं सांग रं, मी काय साहेब नाय." मग तो हसायचा. त्या दिवसांतलं त्याचं हसू तेवढंच.

व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवरही आला. बघणारे सगळे ताटातच हात धुणारे, आणि तेच विचारत होते, काय रं, तुझ्या भावानं जहाज आजारी पाडलं म्हणं? डेअरीवर कुणीतरी बाबांना म्हणालं की आता तुमचं दूध उकळून घ्यावं लागंल. बाबा त्यानंतर डेअरीवर गेले नाहीत, दूध मलाच न्यावं लागलं. घरी मात्र ते ताटात हात धुताना आता जरा जास्तच पाणी घ्यायचे, आणि आवाज होईल असं चोळायचे.

कॉलेजात कॅन्टीनला मी पुरीभाजी खात होतो, तेव्हा वर्गातल्या एकानं मागून येऊन बाटलीतलं पाणी माझ्या ताटात ओतलं. "धू भावा, लाजू नको." सगळे हसले. मी ताट उचललं आणि बेसिनकडे गेलो. त्याला जे बोलायला हवं होतं ते अजून माझ्या डोक्यात तयार होतंय. चांगलं झालं की तो हे वाचणार नाही. किंवा वाचावं त्यानं.

बाबांनी एक दिवस पाळी बुडवली आणि आम्ही दोघं कुंभिवलीला गेलो. एजंटनं आम्हाला बराच वेळ जिन्यात उभं ठेवलं. आत घेतल्यावर आधी तोच बोलू लागला. त्याची कंपनीत किती वर्षांची पत, आणि ती आता कशी गेली. मग बाबांनी विचारलं की पोरगा आजारी नाही तर त्याला कोंडलाय कशाला.

"काका, एवढी माणसं आजारी पडली. कंपनीला कुणीतरी दाखवायला लागतो."

"आणि तो कुणीतरी माझा पोरगा."

"मी कुठं म्हणतोय तसं? पण गावची सवय गावात ठेवून जायची असते."

बाबा म्हणाले, "त्यानं हात धुतला. धुतला नाय, असं तर नाय ना?"

एजंट फोनकडे बघू लागला. त्याच्या टेबलावर जेलची बाटली होती. आमच्याशी हात मिळवला नव्हता, तरी आम्ही उठल्यावर त्यानं ती दाबून हाताला चोळली. हे मी जिन्यावरून वळून पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आईचं म्हणणं होतं की हे पुरुषांनी करायचं काम नव्हतंच. ती मला घेऊन भिसेगावला गेली, त्या मुलाच्या घरी. त्याच्या आईनं आम्हाला बसवलं, चहा टाकला, पंखा लावला. दोघी आधी शेतीचं बोलल्या, मग गुडघ्यांचं. आई म्हणाली, तुझ्या पोराला सांग, त्यानं साहेबाला एवढंच सांगावं की हा माझा मित्र हाय, आमच्याकडं असंच करतात, यात रोग नाय.

त्या बाईनं चहा गाळून आमच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "माझ्या पोरानं खोटं काय दाखवलं, सांग ना गं."

"खोटं नाय दाखवलं. पण माझ्या घरी जेवला तवा त्यानं बी ताटातच हात धुतलाय. मीच पाणी घातलंय त्याच्या हातावर."

"मग? तो तिथं जाऊन शिकला. तुझा नाय शिकला."

आई उठली. चहा तसाच राहिला. रस्त्यावर ती पदर तोंडाला लावून माझ्यापुढं चालू लागली. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी मुद्दाम मागून चाललो. रिक्षा स्टँडजवळ आल्यावर म्हणाली, "वेलची घातली होती रं चहात. प्यायला पायजे होता."

त्या मुलाबद्दल मी न्यायानं लिहायचा प्रयत्न करतो. मग मला त्याचा मोबाईल धरलेला हात दिसतो आणि जमत नाही. त्यालाही भीती असेल. तो जेवण वाढत होता, म्हणजे साथ कुठून आली हा प्रश्न त्याच्या बाजूलाही येऊ शकला असता. आधी दुसऱ्याकडे बोट दाखवलं की आपल्याकडे कुणी बघत नाही. असं मी स्वतःला समजावतो. समजावून काही उपयोग होत नाही.

मग बातमी आली. संध्याकाळची वेळ, आई पडवीत तांदूळ निवडत होती, बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. दादाचा फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर टाकला आणि आईच्या सुपाशेजारी ठेवला.

आईनं पोट विचारलं. दादा म्हणाला, बरं हाय, आणि तपासणीचं आलंय. त्याच्या नमुन्यात काहीच निघालं नव्हतं. आजाऱ्यांच्या नोंदी लावून पाहिल्या तेव्हा पहिले आजारी सफर सुरू झाली त्या पहिल्याच दिवसाचे निघाले. प्रवासीच होते, जहाजावर चढतानाच पोट बिघडलेलं होतं आणि चढताना विचारलं तेव्हा नाही म्हणाले होते. दादाकडे त्यांची खोलीही नव्हती.

"माझ्यामुळं नाय झालं," दादा म्हणाला. "साहेबांनी लिहून दिलं तसं."

बाबांनी पुढचं ऐकलं नाही. ते उभे राहिले, पायात चप्पल घातली, ओट्यावरची दुधाची किटली उचलली आणि डेअरीच्या रस्त्याला लागले. इतक्या भराभर चालताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आईनं सुपातले तांदूळ एकदा पाखडले.

फोन चालूच होता. मी विचारलं, मग कामावर कधी घेतायत.

 दादाच्या मागं कुठंतरी गाडा ढकलल्याचा आवाज येत होता.

"नाय घेत. प्रवाशांनी व्हिडिओ बघितलाय ना. म्हणतात, हा माणूस आमच्या खोलीत नको. दोष नाय, पण उतरायचं. परवा बंदर हाय, तिथनं इमानात बसवून घरी." मग म्हणाला, "बाबा हायत का तिथं?"

मी रस्त्याकडे पाहिलं. बाबा वळणापाशी पोचले होते.