दाजींची धावपट्टी

गेल्या माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठच्या सुमारास, कोकणातल्या एका किनाऱ्यावर माझी गाडी बंपरपर्यंत अरबी समुद्रात गेली. त्याच वेळी, तिथून शंभर पावलांवर, माझे दाजी विमान उतरवत होते. दोन्ही घटनांना तेच जबाबदार होते. जबाबदारी त्यांनी एकीचीच घेतली.

समुद्र न पाहता समुद्रकिनाऱ्यावर विमान उतरवण्याविषयी इतकं बोललेला दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर नगरच्या सावेडीत फ्लॅट घेतला आणि गच्चीवर विमानं बांधायला लागले; रिमोटवर उडणारी, थर्माकोलची, चार फुटी पंखांची. मग कधीतरी त्यांनी मोबाईलवर परदेशातला एक व्हिडिओ पाहिला. छोटं विमान ओहोटीच्या ओल्या वाळूवर उतरतं, माणसं पिशव्या घेऊन उतरतात आणि घरी जातात. तेव्हापासून डांबरी धावपट्टीबद्दल ते, तुपावर वाढलेला माणूस डालड्याबद्दल बोलतो त्या सुरात बोलू लागले. सावेडीत बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला की स्कूटर थांबवायची, चप्पल काढायची आणि टाच मारून बघायची, हा शिरस्ता. एका बंगल्याच्या मालकाने विचारलं, ‘‘काका, काय बघताय?’’ ‘‘विमान उतरंल का ते बघतोय,’’ दाजी म्हणाले. ‘‘न्हाई उतरायचं. लई कोरडी हाय.’’ मालकाने संध्याकाळपर्यंत ढिगाभोवती पत्रे लावले.

भिंतीवरच्या कॅलेंडरात लोक एकादशी बघतात. दाजी पौर्णिमा-अमावास्येभोवती लाल वर्तुळं काढत, कारण तेव्हा ओहोटी सगळ्यात लांब जाते. माझ्या पुतणीच्या लग्नाची तिथी ऐकून ते म्हणाले, ‘‘मुहूर्त झ्याक हाय. वाळू लई उघडी पडंल.’’ व्याह्यांनी पंचांग पुन्हा उघडलं. सराव मात्र मुळा धरणावर चाले. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठ उघडा पडतो. तिथे वाळू नाही, गाळ आहे. विमान नाकावर उभं राहायचं आणि दाजी गुडघाभर चिखलात शिरून ते गाजरासारखं उपटून आणायचे.

त्या माघाच्या आधीच्या दिवाळीत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. दाजींनी एवढंच विचारलं, ‘‘अंगठा किती दिवस चालंल?’’ प्रश्न डॉक्टरांना कळला नाही, अक्काला कळला. रिमोटची दांडी अंगठ्यावर चालते. तिने मला फोन केला, ‘‘यांना एकदा समुद्रावर ने. पुढच्या वर्षी नेऊन उपयोग न्हाई.’’

आम्ही तिघं सकाळी सातला किनाऱ्यावर पोहोचलो. ओहोटी पुरी होती. दाजी अर्धा तास टाच मारत फिरले. मग मला म्हणाले, ‘‘गाडी खाली आन. डांबरावानी कडक हाय.’’ मी पाण्याजवळ आणून लावली. भरतीच्या वेळा त्यांना पाठ होत्या, पण त्या विमानासाठी. गाडीचा विचार तिघांपैकी कुणीच केला नाही. आमच्याकडे मागे गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. अक्काने रांगोळीने धावपट्टीच्या दोन रेघा आखल्या. वारा पडायची वाट बघता बघता आठ वाजून गेले.

विमान वर गेलं आणि मागून एक कोळी ओरडला, ‘‘ओ पाहुणे, गाडी कोणाची? भरती लागलीय!’’

मी धावलो. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी रुतली.

‘‘अहो, गाडी बुडतीय!’’ अक्का म्हणाली.

‘‘गाडी खालीच हाय. विमान वर हाय.’’

‘‘माझ्या भावाची हाय ती!’’

‘‘त्याला म्हनावं, आत बसून ऱ्हा. वजनानं जागची हालायची न्हाई.’’

मी बसलो नाही. पाण्यात उभा राहून बघत होतो. विमान वळलं, खाली यायला लागलं आणि डोलायला लागलं. दाजींचा अंगठा ठरत नव्हता. अक्काने ओंजळ करून त्यांचं मनगट खालून धरलं. ती फक्त म्हणाली, ‘‘हं.’’ एक रेघ पाण्याने पुसली होती. उरलेल्या रेघेला धरून विमान टेकलं, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि सरळ धावत जाऊन थांबलं. नाक वर होतं.

कोळ्यांनी दोर लावून गाडी ओढून काढली. ती दोन तासांनी सुरू झाली. दाजी तोवर वाळूवर बसून होते. पिशवीत आणखी दोन बॅटऱ्या होत्या, पूर्ण भरलेल्या. संध्याकाळी पुन्हा ओहोटी होती. मी विचारलं, ‘‘दाजी, अजून एकदा?’’

‘‘न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘उतरलं न्हवं का.’’

दोन्ही बॅटऱ्या भरलेल्याच नगरला परत आल्या.