सनईला दम लागत नाही

आमच्या घरातल्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हणतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अष्टकं माझी स्वतःची जुळवलेली, त्यात दोन्ही घरची नावं बसवलेली. आधी भटजी त्यांची म्हणतात, शेवटची दोन माझी. मुखेडच्या आसपास कितीक अंतरपाट माझ्या आवाजावर खाली आलेत. म्हणून बिलोलीला दिलेल्या लेकीच्या पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा कोण म्हणणार हा सवालच नव्हता.

पण मधेच माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, पोटाला ताण नको. ओझं उचलायचं नाही आणि मोठ्यानं गायचं तर बिलकुल नाही. लेकीचा फोन आला.

"दादा, तुम्ही नुस्तं पुढं खुर्चीवर बसा. कार्यालयवाल्याकडं गाणारा हाय."

"त्यो तुझ्या पोरीला वळखतो का?" म्हणलं, आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर मी घरात कुणाशी धड बोलेना. शेवटी सून म्हणाली, "आबा, माईक तोंडाजवळ ठेवला की जोर लागत न्हाई. घरी बसून हळू म्हणा. मी भरून घेते आणि मागं सनई लावते."

सून मुरुडची, माहेरी पेटी शिकलेली. आमच्या मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी, तिचा लॅपटॉप, माईक आणि पेटीसारख्या पट्ट्यांची एक चपटी फळी असते. शाळांच्या गॅदरिंगची गाणी ती तिथं बनवते. मला तो आजवर पोरखेळच वाटायचा.

तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला. आत टक टक टक चालू.

"ह्या टकटकीवर म्हणा, आबा. मग सनई बरोबर बसती."

"मी काय घड्याळ हाय का? अष्टकात जिथं ओढायचं तिथं ओढणार. सनईनं माझ्या मागं यावं."

तिनं समजावून बघितलं. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग तिनंच टकटक बंद केली.

मी म्हणलं तसं पडद्यावर काळंनिळं उमटत गेलं, नांगरलेल्या रानासारखं, उंच-सखल. नंतर तिनं माझा आवाज ऐकत ऐकत त्या फळीवर बोटं चालवली, तर खाली दुसऱ्या ओळीत नुसते तुकडे तुकडे पडले. म्हणलं, हे काय?

"वरचा तुमचा आवाज हाय, जसा निघाला तसा. खालच्यात आवाजच न्हाई. कोणता सूर कधी दाबला आणि किती वेळ, एवढंच लिहिलेलं हाय. सनई सांगितली की सनई वाजवतंय, पेटी सांगितली की पेटी. ह्याला मिडी म्हणतेत."

"म्हणजे सांगितल्यालं ऐकतंय."

"हाव. तुमच्या उलट."

दोन्ही एकत्र लावलं, आणि खरं सांगतो, मी सरळ होऊन बसलो. मागं सनई, खाली तिनंच घातलेला चौघडा, आणि मधून माझा आवाज, चाळीस वर्षांच्या गड्यासारखा. सनई जरा मोठी होती, ती मी कमी करायला लावली. मग पुन्हा लावायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र डोक्यात लख्ख झालं.

"आणि नवरी आली न्हाई तर?"

सुनेनं वाजतं ते थांबवलं. नवरीला स्टेजवर आणायचं काम मामाचं. मामा म्हणजे माझाच पोरगा, हिचा नवरा. तो आजवर कुठं वेळेवर पोचलेला नाही. अशा वेळी मी दारावर नजर ठेवून ओळ लांबवतो, नवरी पाटावर उभी राहिली की मगच 'सावधान' सोडतो. ह्या डब्यातला मी तर आंधळा. नवरी खोलीत आणि अक्षता नवऱ्या मुलाच्या डोक्यावर, अशी गत.

"लांबवून बघते," म्हणून तिनं माझा आवाज पडद्यावर ओढला. तो असा निघाला जसा रेडा पाण्यात बसून बोलतोय.

"बंद कर ते. पाव्हणे म्हणतील, म्हातारा पिऊन आला."

तिनं मग सनईचे तुकडे ओढून बघितले. सनई कितीही लांबवा, फिरवून फिरवून वाजवा, आवाज तसाच गोड. तिला दम लागत नाही. मी म्हणलं, मग थांबायचं काम सनईकडंच दे. माझा आवाज काप. तशी तिनं शेवटची ओळ वेगळी काढली आणि मधे सनई गोल फिरत ठेवली. मी हात वर केला की तिनं बटन दाबून ती ओळ सोडायची, असं ठरलं.

बिलोलीला तसंच झालं. भटजींचं संपलं, माझं सुरू झालं, शेवटच्या ओळीच्या तोंडाशी सनई फिरायला लागली आणि नवरीचा पत्ता नाही. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली यायला लागले. लोकांच्या मुठीत अक्षता भिजायला लागल्या. नवऱ्या मुलाचा चुलता माझ्याकडं वाकून म्हणाला, "पाव्हणं, क्यासेट अडकली काय?"

"अडकली न्हाई. तुमच्या सुनेची वाट बघून राहिली."

सून लॅपटॉपमागून पुटपुटली, "तुमच्या लेकाची बघून राहिली म्हणा, आबा."

शेवटी दारात पोरगा दिसला, मागं नवरी. केसांत काहीतरी अडकलं होतं म्हणे. ती पाटावर उभी राहिली, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी हात वर केला.

डब्यातला माझा आवाज सगळ्या कार्यालयात घुमला. आता इथं मला गप बसायचं होतं. पण नात समोर उभी असताना तोंड मिटून बसणं मला जमलं नाही. खुर्चीतूनच म्हणायला लागलो, पोट हातानं दाबून धरून. डब्यातल्यानं 'सावधान' म्हणून टाकलं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू होणार, तर माझं अजून 'सा' वरच चाललेलं. लोक थबकले. माझं 'धान' आलं तशा उरलेल्या मुठीही रिकाम्या झाल्या. नातीवर दोनदा अक्षता पडल्या आणि ती खाली मान घालून हसत होती.

परत येताना गाडीत सून म्हणाली, "आबा, तुम्ही स्वतःच्याच मागं पडलात."

मी म्हणलं, मी बरोबर होतो. त्या आतल्यानं घाई केली.