आडे सरांचा रविवार

गुरुवर्य रामधन आडे सरांची आणि माझी ओळख ओल्या कापसामुळे झाली. मी दारव्ह्याला आठवीत होते आणि सर विज्ञान-गणित शिकवायला नुकतेच रुजू झाले होते. ओल्या कापसाच्या ढिगात आतवर हात घातला तर चटका बसतो, तो कशामुळे, असं मी भर वर्गात विचारलं. मला ज्ञान नको होतं, नव्या मास्तरांची फजिती पाहायची होती. सर म्हणाले, "मले माहीत नाही. तुह्या घरी हाये का कापूस?"

संध्याकाळी शाळेतला थर्मामीटर घेऊन ते सायकलवर आमच्या दारात हजर. मागोमाग अख्खा वर्ग. पुढचे काही दिवस रोज हीच वरात. आई शेवटी वैतागली, "मास्तर, कापूस इकाचा हाये, शिकवाचा नाही!" सर हसले, पण मोजमाप सोडलं नाही. मग कुठून कुठून पुस्तकं मिळवून त्यांनी कारण सांगितलं: ओलाव्यानं सरकी जागी होते, श्वास घेऊ लागते, त्याची ही ऊब. फजिती कोणाची झाली हे लिहायची गरज नाही. पुढे मी लोकांची टवाळी करणारे लेख लिहून पोट भरू लागले. या धंद्यात नाना प्रकारचे जाणकार भेटले, पण "मले माहीत नाही" इतक्या सहज म्हणणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

बुद्धिबळही सरांनीच शिकवलं. त्यांच्या रविवारच्या वर्गात एक रीत होती. डाव रंगात आला की सर मध्येच म्हणत, "फिरवा." लगेच पट फिरवायचा आणि समोरच्याचा डाव आपण पुढे खेळायचा. एकदा माझ्या वर्गातल्या सुनीताला मी पुरती कोंडीत पकडलं होतं आणि तोंडही सुरू होतं. सरांनी पट फिरवायला लावला. "आता पाह्य, तिले कुठं आणून ठेवलं तू." माझाच सुंदर डाव माझ्या अंगावर आला आणि सुनीतानं शांतपणे मला मात दिली.

हीच सुनीता मध्यंतरी वर्गाला येईना. घरी धाकटी बहीण सांभाळायला कोणी नव्हतं. सरांनी निरोप पाठवला, "तिलेही आण." त्या पोरीला कडेवर घेऊन सरांनी आम्हाला अपूर्णांक शिकवले. सुनीता आज यवतमाळची नावाजलेली डॉक्टर आहे आणि सरांच्या पंचाहत्तरीसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी केलेल्या गौरव समितीतही आहे.

सर निवृत्त झाले, पण त्यांच्या बंजारा तांड्यावरच्या समाजमंदिरात दर रविवारी त्यांचा वर्ग भरतोच. आता मात्र नजर अधू झाली आहे. काळा उंट कोणता आणि काळा वजीर कोणता, हे ते बोटांनी चाचपून ओळखतात. पंचाहत्तरीचा सोहळा ठरवायला आमची समिती त्यांच्या घरी गेली, तेव्हा सर म्हणाले, "शाल नको, बापा. एकेक रविवार वाटून घ्या. मी थकलो की वर्ग बंद पडते."

अध्यक्ष म्हणाले, "सर, पुण्याहून येणं..." सुनीता म्हणाली, "सर, रविवारीच पेशंट जास्त असतात." मी म्हणाले, "सर, माझं गणित तुम्हाला माहीतच आहे." माझ्या उत्तरावर सगळे हसले. विनोदाचा असा उपयोग मला फार जमतो.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीतून उठले, आमच्यासोबत सतरंजीवर येऊन बसले आणि म्हणाले, "फिरवा. आता मी समिती. तुमच्यापैकी एकानं तिथं बसा, आडे सर व्हा. हं, सर, बोला, पंचाहत्तरीले काय पाह्यजे तुम्हाले?"

त्या खुर्चीत जाऊन बसायची कोणाची छाती झाली नाही. मग सरांनीच आमची सुटका केली, "चहा घ्या, थंडा होऊन राह्यला." आम्ही चहा घेतला, पाया पडलो आणि परतीच्या गाडीत शालीचा रंग ठरवला. मला माझी लाज वाटली, आणि शालीच्या चर्चेत मीही जांभळा रंग सुचवला होता म्हणून जास्त वाटली.

या गौरवग्रंथात आपण सगळे सरांना शतायुषी व्हा म्हणणार. आपला रविवार मोकळा राहावा म्हणून तर आपण सरांचं आयुष्य वाढवून मागत नाही ना, हे प्रत्येकानं आपापलं तपासावं. मी तपासलं. उत्तर छापण्यासारखं नाही. हा लेख लिहिण्याआधी मी सरांना फोन करून महिन्याचा पहिला रविवार मागून घेतला. "येतं का तुले काही?" त्यांनी विचारलं. "नाही, सर." "मंग ये." उरलेले रविवार अजून सरांच्याच डोक्यावर आहेत. ग्रंथातल्या मान्यवरांनी नोंद घ्यावी.

सर, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, डोळ्यांना उजेड मिळो, आणि निदान महिन्यातून एका रविवारी सकाळी उशिरापर्यंत बिनघोर झोप लागो.