माघातली लव

माघ लागला की मावशीच्या अंगणात लव उडू लागायची. करडे, विरळ पुंजके कुंपणाच्या काट्यांना अडकायचे, वाळत घातलेल्या साडीला चिकटायचे, आत बुद्धाच्या फोटोवरही सापडायचे. वारा नसतानाही. म्हसळ्याजवळच्या आमच्या वाडीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. मावशीची शेळी रोगट आहे, तिला खाटकाला द्या, म्हणून शेजाऱ्यांनी तगादा लावला. कुणी तर करणी म्हणालं. मावशीला काका गेल्यापासून बोलायला तेवढी ती शेळीच होती.

"तिच्यापरीस मलाच न्या म्हनावं," मावशी मला म्हणाली.

मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला. करणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. शेळीला खरूज नव्हती, गोचीडही नव्हती. वरच्या राठ केसांखालून बोटांत जे आलं, त्याला वजनच नव्हतं. डोळे मिटले तर हातात काही आहे हेच कळेना. फक्त तळवा हळूहळू गरम होत गेला.

मग आठवलं. काका ट्रक चालवायचे. एकदा त्यांनी थेट हिमाचलातून एक बोकड आणला होता. पहिल्याच पावसाळ्यात तो मेला, पण तोवर वाडीभर पिल्लं करून गेला. पश्मिना शाल होते ती तिकडच्या शेळ्यांच्या याच लवेची. थोडीफार प्रत्येक शेळीला असते; किती आणि किती तलम, ते आईबापांकडून येतं. दिवस लहान झाले की वाढते, मोठे होऊ लागले की झडते. थंडी असो वा नसो. मावशीच्या शेळीत दोन्हीकडून त्याच बोकडाचं रक्त आलं होतं.

मावशीनं पुंजका गालाला लावला. "म्हंजी ह्यांनी आनलेला तो अजून हाय?"

"हाय," मी म्हटलं.

त्याच भरात मी बारीक दातांची फणी घेऊन शेजाऱ्यांच्या अंगणात गेले. "रोग नाही हा, वंश आहे. तुमच्या शेळ्यांतही असेल," म्हणत एकीच्या पाठीवरून फणी ओढली. करडा पुंजका निघाला. दुसरीचाही. तिसरीचाही. एका बाईनं हात पदराला पुसले. मला वाटलं, पटलं.

पुढच्या आठवड्यात गेले तर वाडी चिडीचूप. गोठे रिकामे.

"बाजारात रोगाचा बोभाटा व्हायच्या आत समद्यांनी शेळ्यांनी टेम्पो भरला," मावशी म्हणाली. "हिलाबी वढत न्हेली व्हती. पन हिची लव झडताना दिसली, टेम्पोवाल्यानं हात लावला न्हाय."

शेळी दारात उभी राहून ओरडली. कान टवकारून थांबली. वाडीतून उत्तर आलं नाही. ती पुन्हा ओरडली.

तेव्हा चुलीपुढून, मान वर न करता, मावशीनं तिला उत्तर दिलं. इतकं हुबेहूब, की मी शेजाऱ्यांच्या रिकाम्या गोठ्याकडे वळून पाहिलं. शेळी मात्र शांतपणे खाली बसली.